बँकेच्या परीक्षेच्या क्लासचा रिव्ह्यू : पाचाचे तीन स्टार का केले

आधी कबुली देते. या क्लासला मी अगोदरच पाच स्टार दिलेत. शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्या बॅचला मोबाईल काढायला लावले, इथंच बसून पाच स्टार टाका म्हणाले, आणि एकीकडं पेढे वाटणं चालू होतं, मग चार कोण देणार. ते आता मी तीन करतेय. नोकरी लागली नाही म्हणून खार खातेय असं कुणी म्हणू नका, नोकरी लागलीय. २०२४ च्या पावसाळ्यात जॉइन झाले, आता काउंटरला बसून सव्वा वर्ष होऊन गेलं, म्हणूनच म्हटलं आता खरा रिव्ह्यू लिहावा, कारण क्लासमध्ये असताना जे चांगलं वाटलं होतं ते आणि बसल्यावर जे उपयोगाला आलं ते, यात लई फरक निघाला.

क्लासचं नाव लिहीत नाही. बेळगावात टिळकवाडी आणि कॉलेज रोड धरून असे पाच-सहा क्लास आहेत, सगळ्यांचे बोर्ड पिवळे, सगळ्यांच्या जिन्यात सिलेक्शन झालेल्या पोरांचे फोटो, आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू होतंय.

फी ११ हजार, दोन हप्त्यांत. टेस्ट सिरीजचे १२०० वेगळे, हे अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगितलं नव्हतं. लायब्ररी म्हणजे खालच्या झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली, महिन्याला ५००, फॅन दोन, त्यातला एक आवाज करणारा. बॅच सकाळी ८ ची. मी कडोलीहून यायची, आणि शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, ती ११ जून २०२३ ला सुरू झाली नि मी त्याच्या पुढच्याच आठवड्यात क्लास लावला, त्यामुळं बसचा खर्च शून्य झाला, नाहीतर बाबांनी पाठवलंच असतं की नाही शंका आहे. सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडला, उतरून टिळकवाडीपर्यंत दुसरी बस, ती नाही मिळाली तर चालत. पावसात चालत आलं की पहिला तास ओल्या सलवारीतच जायचा, खरं (आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात) गणिताचा तास असल्यामुळं ते लक्षात राहायचं नाही.

कारण गणिताचे सर म्हणजे सर. त्यांच्यासाठीच दोन स्टार आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, प्रश्न सोडवायला सगळेच शिकवतात, मी सोडायला शिकवणार. आम्हाला वाटलं विनोद मारलाय. मग प्रिलिम्सचा हिशोब मांडला फळ्यावर, गणिताचे ३५ प्रश्न, मिनिटं २०, चुकलं की पाव मार्क कट, मग कुठला प्रश्न बघताक्षणी बाजूला टाकायचा हे ज्याला कळलं तो निघाला. रोज सकाळी पंधरा मिनिटं नुसतं हेच, प्रश्न वाचायचा आणि हात वर करून सांगायचं, घेणार की सोडणार. सोडवायचा नाहीच. महिनाभर हे केल्यावर माझा स्कोअर जवळपास दीडपट झाला, आणि मी गणितात काही हुशार नाही, बारावीला कसाबसा फर्स्टक्लास होता. रिझनिंगचे सर ठीक, पझल चांगली घ्यायचे खरं स्वतःच अडकले की उद्या बघूया म्हणायचे. इंग्लिशच्या मॅडम धारवाडहून यायच्या त्यामुळं आठवड्याला दोनच दिवस, आणि पाऊस असला की एकच. चालू घडामोडी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, ती आपली आपण वाचायची. हे सगळं मी धरत नाही, कुठल्याही क्लासला असंच असतंय.

माझी तक्रार वेगळीच आहे.

क्लासनं आम्हाला परीक्षा शिकवली ते बरोबर, त्याचेच पैसे घेतले होते. खरं विकली काय तर कॅशियरची खुर्ची. डेमो लेक्चरला मोठ्या पडद्यावर फोटो दाखवला होता, एसी, काच, काचेमागं टाय घातलेला माणूस नोटा मोजतोय, आणि खाली लिहिलेलं १० ते ५, घरच्या जवळ, रिटायर होईपर्यंत टेन्शन नाही. समोर बसलेल्या साठ-सत्तर पोरांतल्या निम्म्यांच्या घरी हेच स्वप्न. माझ्या तर नक्कीच. बाबा तीस वर्षं एका क्रेडिट सोसायटीची पिग्मी गोळा करतात. बाहेरच्यांना पिग्मी कळत नाही, ती आमच्याकडची गोष्ट, दुकानादुकानात फिरून रोजचे वीस-पन्नास गोळा करायचे आणि संध्याकाळी भरायचे, १९२८ ला मणिपाल-उडुपीकडं सिंडिकेट बँकेवाल्यांनी दिवसाला दोन आण्यांवर चालू केलेलं, आमच्या बाजारात अजून चालतंय. लहानपणी मी कधी कधी बाबांबरोबर भरणा करायला जायची. लोखंडी जाळीचा पिंजरा, त्यात कॅशियर, जाळीला खाली अर्धगोल भोक, त्यातून बाबा पैशाची पिशवी आत सरकवायचे आणि उभे राहायचे. आतला माणूस कधी वर बघायचा नाही. बाबांचं म्हणणं एकच होतं, पोरगी जाळीच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे.

तर बसले. सौंदत्ती तालुक्यातली शाखा, बँक कुठली ते राहू दे. तिथं कॅशचे तीन पिंजरे आहेत. एक चालू. दुसऱ्यात फॉर्मचे गठ्ठे आणि बंद पडलेला प्रिंटर. तिसऱ्यात पाण्याचे जार आणि पूजेचं सामान. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि डेमोचा तो फोटो आठवला, हसायलाच आलं. बाहेर व्हरांड्यात पैसे भरायचं मशीन, त्याच्या शेजारी पासबुक छापायचं मशीन, आणि भिंतीवर कागद, छोटी रक्कम मशीनमध्ये भरावी. जाळीच्या आतल्या बाजूला खुर्ची एकच उरलीय आणि त्यावर आमचे हेड कॅशियर अण्णा बसतात, १९८८ चे भरती, पुढच्या वर्षी रिटायर. त्यांच्या जागी कोण येणार असं विचारलं तर मॅनेजर साहेब काही बोलत नाहीत, मशीनकडं बघतात.

मग मी काय करते? अण्णा जेवायला गेले, रजेवर गेले, बाजारचा दिवस असला की कॅश माझ्याकडं. बाकीचा वेळ खाती उघडणे, केवायसी, आधार लिंक, मोबाईल नंबर बदलून देणे, अ‍ॅप चालू करून देणे, चेक, वारसाच्या केसेस, आणि विमा. वर्षाला वीस रुपयेवाला आणि चारशे छत्तीसवाला, दोन्ही सरकारी योजनेतले. दिवसाला इतके झाले पाहिजेत म्हणून सकाळी आकडा येतो. क्लासमध्ये या कशाचा एक शब्द नव्हता. परीक्षेचं नावसुद्धा बदललं, आधी क्लार्क म्हणायचे, आता आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची एकत्र परीक्षा घेणारी संस्था) जाहिरातीत कस्टमर सर्व्हिस असोसिएट आहे, स्टेट बँकेत तर आधीपासूनच ज्युनिअर असोसिएट आणि पुढं कंसात कस्टमर सपोर्ट अँड सेल्स. सेल्स हा शब्द जाहिरातीतच छापलाय हो, आम्हीच वाचला नाही. सरांनी वाचला असणार.

आता कुणी म्हणेल मग भरती कशाला काढतात. काढतात की. आयबीपीएसनं २०२३ ला ४,०४५ जागांनी सुरुवात केली होती, २०२५ च्या जाहिरातीत १०,२७७ होत्या. स्टेट बँकेनं डिसेंबर २०२४ ला एकदम १३,७३५ काढल्या आणि पुढच्याच ऑगस्टला त्याच्या निम्म्याहून कमी, ६,५८९. या वर्षी पूर, पुढच्या वर्षी ओढा. क्लासवाले पुराच्या वर्षाचा आकडा पोस्टरवर मोठा छापतात आणि दुसरा छापतच नाहीत. माझ्या बसल्या जागेवरून जे दिसतंय ते असं, अण्णांच्या पिढीतली माणसं ढिगानं रिटायर व्हायला लागलीत म्हणून माणूस घ्यावाच लागतोय, खरं घेतलेला माणूस नोटा मोजायला घेत नाहीत. जागा आहेत, खुर्ची ती नाही. आणि दोन बँका एक झाल्या की जवळजवळच्या शाखापण एक होतात, हे आम्हा कर्नाटकवाल्यांना कुणी सांगायला नको. विजया बँक गेली, सिंडिकेट गेली, कॉर्पोरेशन बँक गेली, स्टेट बँक ऑफ मैसूर गेली, सगळं २०१७ ते २०२० च्या दरम्यान. १ मे २०२५ ला धारवाडची विकास ग्रामीणपण दुसऱ्या ग्रामीण बँकेत मिळून बळ्ळारीला गेली. बाबा अजून सिंडिकेटच म्हणतात.

आमच्या रिझनिंगच्या सरांना अमेरिकेचं लई वेड, त्यांनी एकदा सांगितलं होतं की तिकडं एटीएम आलं तेव्हा सगळे म्हणाले आता काउंटरवरची माणसं संपली, आणि झालं उलटं, एका शाखेला माणसं कमी लागायला लागली म्हणून शाखा स्वस्त झाली, बँकांनी शाखा वाढवल्या, एकूण माणसं कमी झालीच नाहीत. हे खरं आहे, मी नंतर वाचलं, शहरातल्या शाखेत सरासरी २० माणसं असायची ती १३ वर आली, १९८८ ते २००४ च्या दरम्यान, आणि तेवढ्यात शहरातल्या शाखा चाळीस टक्क्यांच्या वर वाढल्या. सर इथंच थांबले, टाळ्या मिळाल्या. पुढची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. तिकडच्या सरकारचंच कामगार आकडेवारीचं खातं म्हणालं होतं की २०२३ ते २०३३ मध्ये टेलरच्या नोकऱ्या १५ टक्क्यांनी कमी होणार. (तिकडं काउंटरवरच्याला टेलर म्हणतात. आईला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, होणारच की, हल्ली ब्लाउज शिवून कोण घेतंय, सगळे रेडिमेड.) एटीएमनं माणूस कमी केला नाही, मोबाईल करायला लागलाय, कारण एटीएमला निदान बँकेच्या दारापर्यंत यावं लागायचं.

आमच्याकडंपण तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयच्या एका महिन्याच्या व्यवहारांची संख्या पहिल्यांदा दोन हजार कोटींच्या वर गेली. गणपत गल्लीत कोथिंबीरवालीकडं क्यूआर आहे, बाबांच्या पिग्मीचे दोन दुकानदार आता बाबांनाच फोनपे करतात आणि बाबा ते काढून मग भरतात, म्हणजे एकाचं काम दोघांना. खरं म्हणून रोख संपली असं म्हणणाऱ्यानं उसाचं बिल जमा होतं त्या आठवड्यात आमच्या शाखेत येऊन उभं राहावं. आणि जुलै २०२५ ला बेंगळुरात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा काय झालं, क्यूआर काढून टाकले आणि फक्त कॅश म्हणून पाट्या लावल्या लोकांनी. म्हणजे रोख अशी एकदम मरत नाही, पेशंट आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून आयसीयूत असं चाललंय. नोटाबंदीच्या वेळी, अण्णा सांगतात, तिन्ही पिंजरे चालू होते आणि तरी रांग रस्त्यावर. ती शेवटची.

आता नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाजारचा दिवस, अण्णा रजेवर, कॅश माझ्याकडं. साडेचारला क्लोजिंग केलं तर ५०० कमी. परत मोजलं, ५०० कमी. मशीनवर टाकलं, हातानं मोजलं, शंभराचं एकेक पाकीट सोडून मोजलं, स्लिपा तपासल्या, कचऱ्याची बादली पालथी केली, टेबलाच्या फटीत पट्टी घालून बघितली. सहा वाजले. बाकीचे सगळे बॅग भरून उभे, माझ्यामुळं कुणाला घरी जाता येईना, शेवटी मी पर्समधले ५०० काढून घातले आणि कॅश बंद केली. रूमवर जाऊन रडले, खोटं कशाला बोलू. पगार व्हायला अजून दोन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्लिपा बघितल्या आणि एका मिनिटात सांगितलं, तू स्लिपेच्या मागं नोटा लिहूनच घेतल्या नाहीस. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, हे आधी लिहायचं, मग तेवढ्या मोजायच्या, मग हात बाहेर काढायचा. मी मोजून देत होते आणि नंतर लिहीत होते. अण्णांचं वाक्य आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, मोदल बरी, आमेल एणसु, आमेल कोडु. आधी लिही, मग मोज, मग दे. अकरा हजाराच्या क्लासनं हे शिकवलं नाही, अण्णांनी ५०० मध्ये शिकवलं.

खोट्या नोटेचंही तसंच. नोट खोटी निघाली तर ती परत द्यायची नसते, शिक्का मारायचा, नोंद करायची, गिऱ्हाईकाला पावती द्यायची, आणि एका भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर पोलिसात तक्रार. परीक्षेला यावर सहसा प्रश्न येत नाही म्हणून क्लासला शिकवत नाहीत. खरं समोरचा माणूस ओळखीचा असतो, पाचशेची नोट त्याच्या घामाची असते, तो म्हणतो ताई मला परत द्या मी कुठंतरी खपवतो, आणि तुम्हाला त्याच्या तोंडावर शिक्का मारायचा असतो. आणि हे सगळं कन्नडमध्ये बोलायचं असतंय.

तर आता कन्नड. सगळ्यात मोठी तक्रार इथं आहे, एक पूर्ण स्टार यासाठी कापलाय.

आमच्या बॅचमध्ये तीन-चार पोरं पलीकडची होती, शिनोळी, तुडिये, चंदगडकडची. शाळा महाराष्ट्रातली, खरं बाजार बेळगावचा, त्यामुळं क्लासला इकडंच. क्लार्कच्या परीक्षेत राज्य एकच भरता येतंय. कुणीतरी म्हणालं यंदा कर्नाटकात जागा जास्त आहेत, आणि शिनोळीच्या एकानं कर्नाटक भरलं. आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार. प्रिलिम्स निघाली, मेन्स निघाली, क्लासनं त्याचा फोटोपण छापला. मग जॉइनिंगच्या आधी कन्नडची चाचणी. उतारा वाचा, चार ओळी लिहा, बोलून दाखवा. त्याला कन्नडमध्ये फक्त बसच्या पाट्यांवरचं बेळगावी वाचता यायचं. गेली नोकरी हातातली. फॉर्म भरताना क्लासमधल्याच कॉम्प्युटरवर भरला होता, क्लासच्याच माणसानं भरून दिला होता, प्रत्येक फॉर्मचे शंभर घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं, तू महाराष्ट्र भर म्हणून. नाही बोलला. पोरगं नंतर महाराष्ट्रातून परत बसलं, ते वर्ष तर गेलंच की.

म्हणून नीट वाचा. कर्नाटक भरलं तर कन्नड वाचता, लिहिता, बोलता आलं पाहिजे. तुमच्या दहावीच्या नाहीतर बारावीच्या मार्कलिस्टवर कन्नड विषय असेल तर स्टेट बँकेत ही चाचणी द्यावी लागत नाही, आपल्या इकडच्या मराठी शाळेतल्या पोरांना तो असतोच, त्यामुळं आपण सुटतो. कागदावर सुटतो. मी पण सुटले. शाळेत कन्नडला ७१ होते मला, कविता पाठ होत्या. आणि काउंटरवर पहिला काका आला तो म्हणाला, साल तुंबबेकु. मला वाटलं स्लिपेवर साल भरायचं राहिलंय, मी पेन पुढं केला आणि तारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. साल म्हणजे कर्ज! कर्जाचा हप्ता भरायला आला होता बिचारा. मागच्या बाया हसून हसून दमल्या.

शाळेतलं कन्नड म्हणजे पुस्तकातलं, हण म्हणजे पैसा. सौंदत्तीत हण कोणी म्हणत नाही. रोक्का म्हणतात. आपला रोख. दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न कानावर येतो, रोक्का बंदैतेन्री? सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले का हे विचारायला बाया पासबुक पदरात गुंडाळून येतात, मशीनमध्ये पासबुक घालता येत नाही असं नाही, खरं मशीन हो की नाही सांगत नाही, छापून देतं, आणि छापलेलं वाचायला परत कोणीतरी लागतंच. तिथं मी लागते. हे मला फार उशिरा कळलं, की माझी नोकरी नोटा मोजण्यावर टिकलेली नाही, या एका प्रश्नाला उत्तर देण्यावर टिकलीय. ठेवणी म्हणजे ठेव, खाते म्हणजे खातं, जमा म्हणजे जमा, नगदु म्हणजे नगद, अर्धी बँक तर आपलीच भाषा बोलतेय, उरलेल्या अर्ध्यासाठी मी एक वही केली. बड्डी म्हणजे व्याज, हेब्बेट्टु म्हणजे अंगठा, असं करत ती वही आता शंभर पानांची झालीय. आणि मराठीचं पण वाया जात नाही बरं, पुनवेला यल्लम्माला कोल्हापूरकडची माणसं गाड्या भरून येतात, कुणाचं कार्ड मशीननं गिळलेलं असतं, कुणाचा नंबर बंद, तेव्हा मॅनेजर साहेब आतून हाक मारतात, मॅडम, निम्म मंदी बंदारु, तुमची माणसं आलीत.

क्लासनं आठवड्याला एक तास बोलीतलं कन्नड घेतलं असतं, एक तास फक्त, अण्णांसारखा एखादा रिटायर कॅशियर आणून काउंटर कसा चालतो ते दाखवलं असतं, तर मी पाच स्टार ठेवले असते. सरांना मी हे जाऊन सांगितलंपण. ते म्हणाले, मार्काला नाही ना ते.

बॅचमधल्या बाकीच्यांचं थोडक्यात सांगते कारण विचारणारे विचारतात. एक मैत्रीण अप्रेंटिस लागली, वर्षभर, महिन्याला १५ हजार, काम आमच्याइतकंच, वर्ष संपल्यावर सर्टिफिकेट आणि टाटा. अशा अप्रेंटिसच्या जागा बँका हजारांनी काढायला लागल्यात, क्लासवाले तेपण सिलेक्शनमध्येच मोजतात, फोटो बघताना खालचं बारीक अक्षर वाचा. एकजण प्रायव्हेट बँकेत, शहरातल्या शाखेत कॅशलाच आहे, शर्ट लई भारी घालतो, खरं भेटला की पहिला प्रश्न घरात कुणाची एफडी आहे का. एकजण गावातच बँकमित्र झालाय, किराणा दुकानात अंगठ्याचं मशीन घेऊन बसतो, कमिशनवर. माझ्या मते खेड्यातला खरा कॅशियर आता तोच आहे, फक्त त्याला पगार नाही, सुट्टी नाही आणि जाळीपण नाही. दोघी सोसायटीत लागल्या, बेळगावात त्यांची काही कमी नाही, पगार कमी खरं घरून डबा घेऊन जाता येतंय. आठ-दहाजण अजून त्याच लायब्ररीत, त्याच आवाज करणाऱ्या फॅनखाली, आणि ओपनवाल्यांचं वय २८ झालं की क्लार्कचं दार बंद, एक दिवस जास्त नाही.

पगाराचं पण एक. २०२४ च्या करारानंतर क्लार्कचं बेसिक २४,०५० पासून सुरू होतं, त्यावर भत्ते. पोस्टरवर जो गलेलठ्ठ आकडा असतो तो मोठ्या शहरातला, सगळे भत्ते धरून, कापाकापी व्हायच्या आधीचा. हातात तेवढा येत नाही. खरं येतो तो महिन्याच्या महिन्याला येतो, आणि आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडतंय, म्हणून मी या नोकरीला नावं ठेवणार नाही. दुसरा-चौथा शनिवार धरून घरी येते तेव्हा बाबा शेजारच्यांना सांगतात, पोरगी कॅशियर आहे. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

क्लास लावावा का? गणित कच्चं असेल आणि घरी बसून अभ्यास होत नसेल तर लावा, सकाळचीच बॅच घ्या, गणिताचे सर त्याच बॅचला असतात. टेस्ट सिरीज त्यांची घेऊ नका, ऑनलाइन निम्म्या पैशात मिळते आणि प्रश्न तेच. धारवाडला जाऊन राहण्याचा विचार असेल तर तिथं वातावरण जास्त चांगलं आहे, खरं रूम, मेस धरून खर्च तिप्पट, आणि तिकडचे क्लास निम्मे कन्नडमधून बोलतात, जे मला तेव्हा गैरसोय वाटलं होतं आणि आता वाटतंय की तेच बरं होतं. फॉर्म स्वतः भरा. लायब्ररीला पैसे घालू नका. १ नोव्हेंबरला क्लास बंद असतो, एकीकडं राज्योत्सव, एकीकडं काळा दिवस, बेळगावकरांना सांगायला नको.

परवा दिवाळीच्या सुट्टीत झेरॉक्स काढायला खाली गेले होते तर जिन्यात माझा फोटो दिसला, दहावीच्या हॉल तिकिटावरचा, तो त्यांना कुठून मिळाला देव जाणे. खाली लिहिलंय कॅशियर, आणि गाव कडोलीच्या जागी काकती. वर जाऊन सांगितलं की सर निदान गाव तरी बरोबर करा. नवीन फ्लेक्स जूनमध्ये छापणार म्हणाले, तोपर्यंत असू दे.